हिच्या खोडी सांगा

माझी अकरा वर्षं जुनी स्कूटर मी एका काकांना विकली, तेव्हा पंधरा हजार सांगितले होते. त्यांनी घासाघीस केली नाही. खिशातून पाकीट काढून टेबलावर ठेवलं आणि म्हणाले, "चौदा हायत. चहा घेऊन जातो." मला वाटलं, व्यवहार संपला. त्यांच्या लेखी तो तिथून सुरू होत होता.

चहा झाल्यावर त्यांनी बशी बाजूला सारली. "आता हिच्या खोडी सांगा."

वस्तू विकताना खोटं बोलणं मला जमत नाही. मी एकेक करून सांगितलं. सकाळी चोक दोनदा ओढावा लागतो. स्टँड डावीकडे कलतो, म्हणून उतारावर लावायची नाही. पेट्रोलचा काटा अर्ध्यावर अडकतो, त्यावर विसंबू नये. ते डोळे मिटून ऐकत होते. ऐकून झाल्यावर विचारलं, "हिनं कुणाला पाडलंय का?"

मी बायकोकडे बोट दाखवलं. "हिला. मासळीबाजाराच्या वळणावर. हनुवटीला तीन टाके पडले."

ते तिच्याकडे वळले. "वैनी, थंडीत दुखतं का?"

बायको दारात उभी होती. हनुवटीला हात लावून म्हणाली, "दुखतं थोडं."

त्या गोष्टीला आठ वर्षं झाली होती. मी तिला हे कधी विचारलं नव्हतं.

ते आगरदांड्याला राहायचे, एकटे. नोकरी धक्क्यावर, दिघीला जाणाऱ्या फेरीबोटीवर गाड्या चढवायची. बोटीत गाडी मागे मागे घेत चढवली की पलीकडे सरळ उतरता येते. मुंबई-पुण्याहून आलेल्या भल्याभल्यांना तो उतार आणि बाजूचं पाणी बघून घाम फुटायचा. मग ते खाली उतरून किल्ली यांच्या हातात द्यायचे. हे वीस फूट गाडी मागे घेऊन, शेजारच्या गाडीला वीतभर जागा सोडून लावायचे आणि किल्ली परत करायचे. "तालुक्यात माझ्याएवढ्या गाड्या कुणी चालवल्या न्हायत," ते म्हणायचे, "पण सगळ्या मागं."

मी एकदा हिशेब करून दिला. दिवसाला दहा गाड्या, वीस फूट, वर्षाचे तीनशे दिवस, बारा वर्षं. दोनशे वीस किलोमीटर भरले. त्यांना फार आनंद झाला. "म्हणजे पुण्याच्या पुढं गेलो की, पाठमोरा!"

दर वर्षी भाऊबीज झाली की दोन-तीन दिवसांत ते स्कूटरवरून मुरूडला आमच्याकडे यायचे. येताना सुक्या कोलंबीचे पावशेर सोडे आणायचे. पायरीवर चप्पल काढता काढताच म्हणायचे, "आलो सांगायला." मग खुर्चीत बसून स्कूटरचं वर्षभराचं सांगायचे. किती किलोमीटर झाले, कोणती केबल बदलली, कुठे बंद पडली. "काटा आता पाऊणावर अडकतो, भाऊ. प्रगती हाय."

पहिल्या वर्षी मला वाटलं, काहीतरी तक्रार काढून पैसे परत मागायला आले असतील. तसं काही नव्हतं. विकलेली वस्तू कशी आहे हे विकणाऱ्याला कळायला हवं, एवढंच. आकडे अचूक असायचे, म्हणून मला ते ऐकायला बरं वाटायचं. बायकोला ते का आवडायचे हे मी वर सांगितलंच आहे.

आणि हे फक्त आमच्यापुरतं नव्हतं. त्यांच्या दोन खोल्यांत नवी विकत घेतलेली वस्तू जवळजवळ नव्हतीच. कपाट रेवदंड्याच्या एका निवृत्त मास्तरांचं. झोपाळा किहीमच्या एका बाईंचा. सायकल रेवसच्या एका खलाशाची. वस्तू घेण्याआधी त्या घरी चहा प्यायचा, खोडी विचारून घ्यायच्या आणि मग दर दिवाळीत जाऊन सांगून यायचं. बोलतानाही ते नुसतं "कपाट" म्हणत नसत. "रेवदंड्याच्या कपाटात ठेवलंय," म्हणत. आमची स्कूटर त्यांच्याकडे "मुरूडची" होती.

मी एकदा विचारलं, परवडत असताना नवीन का घेत नाही? त्यांनी लहानपणाचं सांगितलं. आईवडील लवकर गेले, चुलत्याकडे वाढले. अंगावर सगळे कपडे चुलतभावांचे जुने. "शर्ट कुणाचा ते माहीत असायचं. शाळेत कुणी मारायला आला तर वाटायचं, हा भाऊ हाय ना अंगावर." मग हसले. "नव्या कपड्याच्या मागं कोण हाय? दुकानदार."

लग्न झालं होतं का, हे मी विचारलं नाही. त्यांनी सांगितलं नाही.

अडुसष्टाव्या वर्षी त्यांचा उजवा गुडघा गेला. स्कूटरला किक मारता येईना. एसटीने दिवाळीची फेरी करायची म्हणजे बस बदलत रेवदंडा, किहीम, रेवस. तीन दिवस लागायचे. त्यांनी ठरवलं, गाडी घ्यायची. लायसन होतं, फंडाचे पैसे होते. खर्च करायला माणसं नसल्यामुळे ते तसेच राहिले होते.

त्यांनी गाडी हेरूनही ठेवली होती. किहीमच्या त्याच झोपाळेवाल्या बाईंची, दहा वर्षं वापरलेली, दोन लाख दहा हजारांना. दोनदा चहा झाला होता, खोडी पाठ झाल्या होत्या. सौदा करण्याआधी मला दाखवायला घेऊन गेले, हीच चूक झाली.

मी खाली वाकून बघितलं. खाऱ्या हवेने तळ गंजला होता. चारही टायर बदलायला आले होते. मी कागदावर मांडून दिलं की दोन वर्षांत साठ हजारांचं काम निघेल. "आणि काका, तुम्ही एकटे. साळाव पुलावर बंद पडली तर ढकलणार कोण?"

त्यांनी कागद घडी करून खिशात ठेवला. मी त्यांना हायवेवरच्या एका शोरूममध्ये घेऊन गेलो. तिथे काही गाड्या सवलतीत असल्याचं मला कळलं होतं.

सेल्समन मुलगा बोलका होता. "काका, महिन्याचं टार्गेट असतं. गाडी नाही गेली तर आम्हीच आमच्यातल्या कुणाच्या तरी नावावर पासिंग करून टाकतो. कागदावर विकली गेली, बस. मग ती डिस्काउंटमध्ये देतो. तुम्ही सेकंड ओनर, पण फक्त पेपरवर. गाडी एकदम कोरी. एकतीस किलोमीटर चाललीय."

"मग पयला मालक कुठं राहतो?"

"पहिला मालक असा कुणी नाही ना काका. नावापुरता."

"चहाला जायचं हाय त्याच्याकडं."

मुलगा माझ्याकडे बघून हसला. मी किमतीचा कागद पुढे ओढला.

"बरं, हिच्या खोडी काय हायत?"

"खोडी म्हणजे डिफेक्ट? काहीच नाही, काका!"

"अशी वस्तू नसते," ते हळूच म्हणाले आणि दाराजवळच्या खुर्चीवर जाऊन बसले.

पुढचं सगळं मी बघितलं. नवी गाडी रस्त्यावर येईपर्यंत सहा लाख चौऱ्याऐंशी हजार. ही पाच बहात्तर. फरक एक लाख बारा हजार. त्यातून पाच महिन्यांची गेलेली वॉरंटी आणि विमा वजा करायचा. पुढे विकताना दुसरा मालक म्हणून किंमत चाळीसेक हजारांनी कमी येणार, तेही वजा. तरी साठ-पासष्ट हजारांचा फायदा उरतो. उभी राहून बॅटरी बसली होती, ती नवी घालून घेतली. विमा त्यांच्या नावावर करायला लावला. प्रत्येक कागदाची झेरॉक्स काढली. मी कुठेही चुकलो नव्हतो.

गाडी तीन आठवडे त्यांच्या अंगणात ताडपत्रीखाली उभी राहिली. मी भेटायला गेलो तेव्हा म्हणाले, "आत बसलो की लॉजवर आल्यासारखं वाटतं, भाऊ."

"तुमचे एक लाख बारा हजार वाचले," मी म्हणालो.

"व्हय. वाचले." ते ताडपत्रीची दोरी ओढून घट्ट करत होते. "पण दिवाळीला सांगायचं कुणाला?"

मी घरी आलो आणि झेरॉक्स काढून बसलो. गाडी नावावर करायच्या फॉर्मवर देणाऱ्याची सही असते, खाली नाव आणि पत्ता. तो फॉर्म भरताना मी सगळे रकाने तपासले होते, पण ते नाव वाचलं नव्हतं. नाव एका बाईचं होतं. पत्ता पोयनाडजवळच्या एका गावचा.

फोन करून सांगितलं. दुसऱ्या दिवशी सकाळी आठ वाजता ते दाढी करून, इस्त्रीचा शर्ट घालून गाडीसह आमच्या दारात हजर झाले. मुरूडपासून पोयनाडपर्यंत त्यांनी तीसच्या वर काटा नेला नाही. मागच्या गाड्या हॉर्न वाजवून दमल्या. "पुढं चालवायची सवय न्हाय," ते म्हणाले.

शेताच्या कडेला घर होतं. पंचविशीतली एक मुलगी बाहेर आली. गाडीचं नाव काढल्याबरोबर तिचा चेहरा उतरला.

"मी नुसती सही केली होती, काका. रिसेप्शनला होते मी. साहेब म्हणाले, सगळ्यांनी एकेक गाडी घेतलीय नावावर, काही होत नाही. आता तर नोकरीही सोडली. हप्ता थकलाय का?"

तेवढ्यात सासू आली. "कसली गाडी गं? तुझ्या नावावर गाडी? आमच्या घरात सायकल न्हाय, नि हिच्या नावावर गाडी!" मग एकदम थांबली. "म्हणून पैसे आले न्हाईत!"

बायकांना दर महिन्याला मिळणाऱ्या सरकारी पैशांसाठी मुलीने अर्ज केला होता. तो परत आला होता. घरात चारचाकी आहे, असं कारण दिलं होतं. "आम्ही हसलो होतो तेव्हा," सासू म्हणाली. "म्हटलं, बैलगाडी धरली असंल."

मी समजावून सांगितलं की गाडी आता यांच्या नावावर झाली आहे, तसा दाखला मिळतो, तो जोडून परत अर्ज करायचा. "दाखला मी आणतो," ते म्हणाले. आणि खरंच त्या मुलीसाठी ते अलिबागच्या कचेरीत तीनदा रांगेत उभे राहिले. तिचे पैसे सुरू झाले.

पण त्या सकाळी ते यासाठी आले नव्हते. चहा आला. त्यांनी बशी बाजूला सारली. "पोरी, हिच्या खोडी सांग."

ती गोंधळली. "मी तर हिच्यात कधी बसलेसुद्धा नाही."

त्यांनी मान हलवली. गुडघ्यावर हात रोवून उठायला लागले. तो माणूस एवढा म्हातारा मला त्याआधी दिसला नव्हता.

मुलगी अंगणातल्या गाडीकडे बघत होती. "ही पांढरी... ही यार्डात शेवटी भिंतीला लावलेली होती का? तीच असणार. पुढच्या काचेवर गुलाबी स्टिकर होता ना?"

"व्हय, व्हय. त्याचा डाग हाय अजून."

"मग हिच्याच सावलीत मी डबा खायचे. आत स्टाफला बसायला जागा नव्हती. दीडनंतर हिच्या डाव्या बाजूला सावली पडायची. रोज तिथे बसायचे, चार महिने. खाऊन झालं की हिच्या डाव्या आरशात बघून टिकली नीट करायचे आणि परत काउंटरवर." ती हसली. "तो आरसा जरा खालीच बघतो, काका. कितीही वर केला तरी. ती खोड म्हणायची का?"

ते पुन्हा खाली बसले. "तेच तर," ते म्हणाले. "तो शोरूमचा पोरगा म्हणतो, काही खोडच न्हाय!" मग सासूकडे वळले. "वैनी, अजून अर्धा कप मिळंल का?"

निघण्याआधी त्यांनी दोघींना गावच्या देवळापर्यंत फिरवून आणलं. मुलीला मागे बसवून सासू पुढे बसली. येताना मुलीने जागा बदलून घेतली. त्या दिवसापासून गाडी "पोयनाडची" झाली, आणि तीसवरचा काटा चाळीसवर गेला.

एका दिवाळीत मी त्यांच्याबरोबर पूर्ण फेरीला गेलो. रेवदंड्याच्या मास्तरांनी कपाटाची चौकशी आस्थेने केली. किहीमच्या बाईंनी "बसा" म्हटलं, पण त्या फोनवर होत्या. रेवसला खलाशाचा मुलगा फाटकातच उभा राहिला. वडील वारून वर्ष झालं होतं. कोणती सायकल, हे त्याला आठवत नव्हतं. यांनी फाटकाबाहेर उभं राहून सगळं सांगितलं. चेन बदलली, मागचं चाक अजून डगमगतं, घंटी तीच आहे. मुलगा मोबाइल बघत "हं, हं" करत होता.

"तो ऐकत नव्हता," परतताना मी म्हणालो.

"व्हय. दिसलं मला." बराच वेळ गाडी चालवून झाल्यावर म्हणाले, "पण सांगायचं राहिलं तर वस्तू माझ्याकडंच पडते ना, भाऊ. नुसती माझ्याकडं."

गुडघा जायच्या आधीचा आमच्याकडे यायचा रिवाज नंतरही चालू राहिला. स्कूटर आता अंगणात उभीच असायची, पण तिचंही सांगायचे. "उभी हाय. टायरमधली हवा भरतो मधून मधून." आमची गल्ली अरुंद आहे, वळायला जागा नाही. ते जाताना गाडी एका दमात मागे घेत रस्त्याला लावायचे, आरशातसुद्धा फारसं न बघता. शेजारची पोरं बघायला उभी राहायची.

गेल्या दिवाळीनंतर ते आले, तेव्हा मी घरात होतो. गाडीचा आवाज ओळखला. मला कसलीही घाई नव्हती, काही काम नव्हतं. मी आजवर कारण शोधलं, सापडलं नाही. त्या दिवशी तासभर बसून ऐकायचा कंटाळा आला, एवढंच. बायकोला म्हणालो, "सांग, घरी नाहीत."

ती माझ्याकडे बघत राहिली आणि मग बाहेर गेली. पायरीवरचं "आलो सांगायला" मला ऐकू आलं. मग त्यांचं हळू आवाजात काही बोलणं झालं. चहाला ते थांबले नाहीत. नंतर गाडी मागे जायला लागली. थांबली. पुढे आली. परत मागे. पुढे. परत मागे. तीनदा. मला मोजायची सवय आहे, मी मोजलं. मग पेपर वाचायला घेतला.

माघात ते गेले. मला दहा दिवसांनी कळलं, तेही मी दिघीला जायला आगरदांड्याच्या धक्क्यावर उभा होतो म्हणून. बोट सोडून दिली आणि त्यांच्या घरी गेलो. कुलूप होतं. शेजारीण म्हणाली, "दिवाळीपास्नं म्हणायचे, डाव्या बाजूचं दिसत न्हाय नीट. मग दवाखान्यात नेलं तर डोक्यात गाठ निघाली." पनवेलचा पुतण्या आला होता. एका दिवसात सगळं भंगारवाल्याला देऊन गेला. स्कूटरसकट. गाडी मोबाइलवरून विकली. कुणीतरी येऊन फोटो काढले आणि उचलून घेऊन गेलं. कुठे, कुणाकडे, शेजारणीला माहीत नव्हतं. खिडकीतून बघितलं तर रेवदंड्याच्या कपाटाच्या जागी भिंतीवर फिकट चौकोन होता.

मी दोन दिवसांची रजा टाकली आणि एसटीने निघालो. कुणीतरी सांगायला हवं होतं. मास्तरांनी कपाटाचं खालचं कुलूप शेवटी लागत होतं का, ते विचारलं. लागत होतं, मी सांगितलं. किहीमच्या बाई मुलाकडे गेल्या होत्या. रेवसच्या फाटकात कुणीच आलं नाही. मी तरी उभं राहून हाक मारली.

शेवटी पोयनाडला गेलो. जाताना खिशात कॅलेंडरचं एक पान होतं. दुधाचे खाडे लिहायला बायको कॅलेंडर वापरते. गेल्या दिवाळीच्या महिन्यात एका चौकोनात खाड्याच्या शेजारी तिच्या अक्षरात लिहिलेलं होतं: "पोयनाडची २१,६४०. डावा आरसा फुटला, नवा बसवला. ह्यांना सांगायचं." तिने ते मला सांगितलं नव्हतं, मी विचारलंही नव्हतं.

मुलीने चहा ठेवला. ते गेल्याचं ऐकून ती सासूला सांगायला आत गेली. बाहेर आली तेव्हा डोळे पुसलेले होते. मी खिशातून पान काढून तिला वाचून दाखवलं. एकवीस हजार सहाशे चाळीस. डावा आरसा.

"माझा आरसा?" ती म्हणाली. "तो कसा फुटला? मागे घेताना तर ते कधीच चुकत नसत."

ती माझ्याकडे बघत उत्तराची वाट पाहत होती.

"मला माहीत नाही," मी म्हणालो. "ते सांगायलाच आले होते. मी घरात होतो."